सोळंके कंपनीचे बारा अडॅप्टर

माझी फजिती ऐकायचीय ना? मग आधी चहा ओतून घ्या. आणि हसायचं तर मला हसा, मालाला नाही. माल मी खरंच फार चांगला बनवला होता.

राज्याची वाटणी होऊन तेलंगणा वेगळं झालं, तेव्हाची गोष्ट. आमचं खातं विहिरींतल्या पाण्याची पातळी मोजायचं. विहिरीत नळीसारखा लॉगर टांगलेला असतो, तो तासातासाला पातळी टिपून ठेवतो. वरून केबल लावायची, लॅपटॉपला जोडायची, झालं. पण नवे लॉगर आले ते जुन्या केबलला बसेचनात. सगळ्यांनी हात टेकले. मग मी लेथवाल्याकडून पितळेच्या खोळी करून घेतल्या, आतल्या तारा स्वतः सोल्डर केल्या आणि बारा अडॅप्टर तयार केले. बाराच्या बारा चालले. आता सांगा, माणसाला अभिमान वाटणार नाही?

आणि तेच वाटणीत पलीकडच्या राज्याला जाणार? टेबलं न्या, कपाटं न्या, केबलींची भेंडोळी न्या, पण माझ्या अडॅप्टरना हात लावायचा नाही.

आपल्याकडे स्टीलचं नवं भांडं आलं की आधी त्यावर नाव घालतात. मग ते शेजारी गेलं तरी परत येतं. मी म्हटलं, हेच करायचं. बाराही अडॅप्टर पिशवीत घातले आणि बेगम बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्यासमोर जाऊन बसलो.

त्यानं एक उलटापालटा करून पाहिला. "ये कायका बर्तन है साब?"

मी म्हटलं, तुम नाम डालो. त्यानं इंग्रजीत सुरेख 'सोळंके' कोरलं आणि म्हणाला, "फोन नंबर बी डाल देतूं. गुम गए तो लोगां फोन करते."

मला त्या माणसाची अक्कल फार आवडली.

वाटणीच्या दिवशी आमच्या साहेबांनी एक अडॅप्टर उचलला आणि चष्मा कपाळावर चढवून नाव वाचलं. साहेब चारच दिवसांपूर्वी बदलून आलेले. मला ते नुसतं 'स्टोअरबाबू' म्हणत. विचारलं, ही सोळंके कंपनी कशी आहे?

इथं खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण कंपनी म्हटल्यावर माझी छाती फुगली ती खाली बसेना. म्हटलं, "एक नंबर कंपनी है सर. अपने नारायणगुडा की."

साहेब खूश झाले. "फिर तो ये बारा उनकोच दे दो. अपन यहीं से नए मंगा लेंगे. लिस्ट में इनका फोन नंबर लिख लो."

आता कोणत्या तोंडानं सांगू, की कंपनी तुमच्यासमोर उभी आहे? बाराही अडॅप्टर मी माझ्याच हातांनी कापसात गुंडाळून खोक्यात भरले. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी घरी असताना माझा मोबाइल वाजला. पलीकडचे इंजिनियर विजयवाड्याहून विचारत होते, सोळंके कंपनी का, एक अडॅप्टर बंद पडलाय, वॉरंटी आहे का? बायको समोर तांदूळ निवडत बसली होती, ती मानेनं नको नको म्हणत होती. पण माझा माल बंद पडतो म्हणजे काय? मी सांगून टाकलं, आहे ना, जन्मभराची आहे.

रविवारी सोल्डरची पेटी आणि दशम्या घेऊन स्वखर्चानं विजयवाड्याला गेलो. एक तार सुटली होती, तेवढी जोडली. त्यांनी मला कंपनीचा माणूस म्हणून कॉफी पाजली आणि मीही ती ऐटीत प्यायलो.

सोमवारी डोळे चोळत ऑफिसात आलो. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, उभे राहा, ऑर्डर देऊन टाकू, तुम्हीच बोला त्या कंपनीशी. त्यांनी लिस्ट पुढं ओढली, एकेक आकडा बघत नंबर लावला आणि फोन कानाला धरला.

आणि माझ्या शर्टाच्या खिशात सोळंके कंपनी वाजायला लागली.