टाकीच्या काट्याला झेंडूचा हार

चहा आधी घेऊन टाका, कारण हा गाढवपणा सांगायला बसलो की मला मध्ये थांबवत नाही. आणि गाढव कोण, हे शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय ठरवू नका.

परदेशी यंत्रं आपल्याकडे धडाधड येऊ लागली, ते दिवस. बाजवा गावाच्या बाजूला एका साबणद्रवाच्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो. टाकीत माल किती आहे हे दाखवणारी सगळी उपकरणं माझ्या ताब्यात. माणसांपेक्षा काट्यांवर माझा भरवसा जास्त.

आमचे पंप ऑपरेटर भीखुभाई. नोकरीची दोनच वर्षं उरलेली. हे गृहस्थ टाकीच्या पत्र्यावर तळवा फिरवून लेव्हल सांगायचे. आतला माल कोमट, म्हणून माल जिथवर तिथवर पत्राही कोमट. मी सगळ्यांदेखत म्हणायचो, "भीखुभाई, ही टाकी आहे. तापानं फणफणलेलं पोर नाही." ते नुसते हसायचे. अडाणी माणूस, दुसरं काय करणार, असं मला वाटायचं.

टाकीला जुनं फ्लोटवालं उपकरण होतं. आत फ्लोट तरंगतो, त्याची तार कप्पीवरून बाहेर येते, तारेच्या टोकाला काटा. आत माल चढला की बाहेर पट्टीवर काटा उतरतो. याच्या जागी जर्मनीहून इलेक्ट्रॉनिक सेन्सर येणार होता आणि तो शिकायला एकाला तीन आठवडे तिकडे पाठवणार होते. तो एक मीच, हे मी ठरवून टाकलेलं. पासपोर्ट काढला होता. बायकोनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पाणीगेटपर्यंतच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं. मॅनेजर शहासाहेबांची सही तेवढी बाकी.

काट्याशेजारी मी स्वतः पाटी लावली होती : पंप बंद केल्याशिवाय आणि परवाना घेतल्याशिवाय काट्याला हात लावू नये. भीखुभाईंनी एकदा त्याची धूळ फडक्यानं पुसली, तर अर्धा तास उभं करून मी त्यांना सुरक्षिततेचं व्याख्यान झोडलं.

मग दसरा आला. कारखाना सणालाही चालूच. आमचं घराणं संस्थानच्या फौजेतलं, घरी पणजोबांच्या तलवारीची पूजा चुकत नाही. बाकीची मंडळी फाफडा-जलेबीवर तुटून पडलेली. यांना शस्त्रपूजा काय कळणार, असं पुटपुटत मी शिडी चढलो. हळदकुंकू वाहिलं, स्वतःच्या कपाळालाही लावलं, काट्याला झेंडूचा घसघशीत हार घातला. तो घसरायला लागला, म्हणून सुतळीनं वरच्या बोल्टला आवळून बांधला, काट्यासकट. पंप चालू होता. पण पूजा म्हणजे काही मेंटेनन्स नव्हे. तिला कसला आलाय परवाना?

तासाभरानं भीखुभाई केबिनच्या दारात, आपल्या गुजरातीत सांगायला लागले. "साहेब, टांकी भराई गई छे. पंप बंध करूं?"

मी खिडकीतून पाहिलं. काटा बरोबर मध्यावर. "अर्धी छे. काटो जुओ, भीखुभाई, काटो."

"पण पतरुं ठेठ उपर सुधी गरम छे."

"ऊन पडलंय म्हणून."

"एक वार उपर चढीने जोई लउं?"

"परवान्याशिवाय शिडीवर पाय ठेवलात तर मेमो देईन."

ते गेले. तेवढ्यात शहासाहेब पेढ्यांचा डबा घेऊन आले. माझी निगराणी दिसावी म्हणून मी त्यांना थेट टाकीखाली नेऊन उभं केलं. म्हटलं, "साहेब, माणसाचं काही सांगता येत नाही. काटा मात्र खोटं बोलत नाही."

पहिला फेस त्यांच्या चष्म्यावर पडला. दुसरा पेढ्यांवर. मग वरून जे धबाधबा यायला लागलं, त्यात आम्ही दोघं गुडघ्यापर्यंत बुडालो. मी पुतळ्यासारखा उभा. भीखुभाईंनी धावत जाऊन पंप बंद केला, परवान्याबिरवान्याची वाट न बघता शिडी चढले आणि सुतळी कापली. काटा धाडकन तळाला आला.

"हार कोणे बांध्यो?" शहासाहेबांनी विचारलं. सगळे माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघत होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पासपोर्ट डोळ्यांसमोरून वाहून गेला.

शहासाहेब म्हणाले, "भीखुभाई, जर्मनी हवे तमे ज जाओ."

भीखुभाई फडक्यानं त्यांचा चष्मा पुसत होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ना साहेब. आ साहेबने ज जर्मनी मोकलो. त्यां दसरो नथी आवतो."

शहासाहेब पोट धरून हसले आणि त्या हसण्याच्या भरातच सही करून बसले. मी गेलो. बायको अजून पाहुण्यांना सांगते, सगळ्या कारखान्यातून ह्यांनाच निवडलं, हुशारीवर.