ताईचं ठोकळ्यांचं घर

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, तर माझ्या भाऊजींचा, ताईच्या नवऱ्याचा. दहावीनंतर मी पारशिवनीला ताईच्या घरी राहून शिकलो. बारावी झाल्यावर घरून ‘आता वावर सांभाळ’ असा निरोप आला, तेव्हा भाऊजींनी मोटारसायकल काढली, मला मागे बसवलं, नागपूरच्या कॉलेजात नेलं आणि माझा अर्ज स्वतः खिडकीतून आत सरकवला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी त्या दिवसामुळे झालो. अशा माणसावर संशय घ्यायची वेळ माझ्यावर मागच्या हिवाळ्यात आली, तीही एका खेळावरून.

ताईचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा मी तिला माझा जुना लॅपटॉप दिला होता आणि त्यात एक ठोकळ्यांचा खेळ टाकून दिला होता. त्यात एक मोकळं जग मिळतं. नदी, टेकड्या, गवत. ठोकळे रचून हवं ते बांधायचं, आणि बांधलेलं तसंच साठवलेलं राहतं. मला वाटलं, चार दिवस मन रमेल. पाय बरा झाला तरी ताई दुपारी भांडी आटोपून बांधतच राहिली. दोन मजली लाकडी घर, मोठ्या काचेच्या खिडक्या, दगडी पायऱ्या, अंगणात विहीर. एकदा मला म्हणाली, “माहेरचं घर बापानं बांधलं, इथलं सासऱ्यानं. हे मी बांधलं.” भाऊजींना मात्र तिने ते कधी दाखवलं नाही. ते हसतील म्हणून.

आमच्याकडे कोऱ्या पानावर आधी श्री लिहितात, मग बाकीचं. नवं जग सुरू करताना खेळ वरती एक रिकामी ओळ दाखवतो. ताईने तिथे श्री लिहिलं. एखाद्या ठिकाणची जमीन पसंत पडली नाही की ती दुसरं जग सुरू करी, आणि पुन्हा श्री. त्यामुळे साठवलेल्या जगांची यादी वरपासून खालपर्यंत नुसती श्री. तिची अडचण कधी झाली नाही, कारण शेवटचं उघडलेलं जग खेळ सर्वांत वर ठेवतो. ती डोळे मिटून वरचं उघडी.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती माझ्याकडे येऊन राहिली, लॅपटॉप घरीच ठेवून. परत गेल्यावर काही दिवसांनी तिचा फोन आला.

“घर गेलं गा माह्यं. नुसता पायवा दिसून राहिला.”

“कोणी उघडलं होतं का?”

“कोण उघडन? तुये भाऊजी तं हात नाही लावत त्याले. म्हणते, विटाच रचाच्या असन तं ठेकेदाराकडे जाय, रोजी तरी भेटन.”

मी लॅपटॉप पाठवायला सांगितला. तो घेऊन स्वतः भाऊजी आले. दुकान बंद ठेवून. पाठीच्या दुखण्यापायी त्यांनी वावर ठेक्याने दिलंय आणि खतांच्या दुकानात बसतात. ते दुकान बंद ठेवून सहसा लग्नालाही जात नाहीत. चहा अर्धा ठेवला. लॅपटॉप पिशवीतून काढून माझ्या हातात देईनात, मांडीवरच ठेवला.

“काहून एवढा जीव आटवतं गा? जुना डबा आहे. असंच होत असते.”

“ताईची वर्षभराची मेहनत आहे भाऊजी.”

“बांधन ते पुन्हा. माडीवर तं एकच खोली होती.”

मी कप खाली ठेवला. “तुम्ही पाहिलं होतं?”

“मी कायले पाहू? बोलत राहते तुही बहीण.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “तू तं लय वकिलासारखा विचारून राहिला, बाबू.”

ते हसले. मीही हसलो. पण बस गाठायची म्हणून ते उठले तेव्हा आम्हा दोघांनाही बरं वाटलं, हे मला कळलं आणि ते आवडलं नाही.

ते गेल्यावर मी यादी उघडली. प्रत्येक श्रीच्या खाली बारीक अक्षरांत ते जग शेवटचं कधी उघडलं ती तारीख असते. सर्वांत वरच्या श्रीवर ताईने मला फोन केला त्या दिवसाची तारीख होती, दुसऱ्या श्रीवर मात्र त्याआधीची. त्या दिवशी ताई माझ्या घरी डोळ्याला पट्टी लावून बसली होती. पारशिवनीच्या घरात ते दोघंच राहतात.

सर्वांत वरचं जग म्हणजे तो पायवा, ताईने नुसता पाया घालून कधीच सोडून दिलेला. मी दुसरं उघडलं. दगडी पायऱ्या होत्या, पण त्या कुठेच जात नव्हत्या. वर खिडक्यांच्या काचा हवेत लटकत होत्या. लाकडाचा एकही ठोकळा उरला नव्हता. विहिरीपलीकडे मात्र एक वावर होतं, मी त्या खेळात कधी पाहिलं नाही इतकं सरळ. सऱ्या एका रेषेत, पाण्याचा दांड काढलेला, गहू उभा. आणि वावराच्या कडेचं गवत स्वच्छ साफ, थेट घराच्या जागेपर्यंत.

मग उलगडलं. भाऊजींनी धुरा, म्हणजे वावराचा बांध, पेटवला होता. पेरणीआधी कडेचं गवत जाळतात तसा. खऱ्या वावरात आग हिरव्यापाशी विझते. खेळातली आग लाकूड दिसेपर्यंत चालत राहते. आणि नंतर त्यांनी तो जुना पायवा मुद्दाम उघडला, म्हणजे तो यादीत वर जाईल; नाहीतर ताईला आधी जळकंच दिसलं असतं. जाळणं चुकून झालं असेल. लपवणं चुकून झालं नव्हतं.

खेळात जगाची राखीव प्रत करायचं एक बटण असतं. ती प्रत यादीत येत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये पडते. ऑपरेशनला निघण्याआधी ताईने ते दाबून ठेवलं होतं, घराला कुलूप लावावं तसं. त्या प्रतीतून घर जसंच्या तसं परत आलं. जळकं जग पुसायला मी बोट नेलं, आणि ते सरळ वावर पाहून थांबलो.

भाऊजींचा फोन ताईच्याच हातात असतो; त्यातली बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत, म्हणून मेसेज तीच वाचून दाखवते. म्हणून दुकानाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. ते असं:

भाऊजी,

पाया पडतो. लॅपटॉप रविवारी आणून देतो. ताईचं घर सापडलं, सगळं शाबूत आहे. आता यादीत दोन जगं वर दिसतील. एकाचं नाव मी ‘घर’ ठेवलं आहे, ते ताईचं. दुसऱ्याचं नाव ‘वावर’, ते तुमचं. त्यातल्या लटकत्या काचा मी काढून टाकल्या आहेत, गव्हाला हात लावला नाही. गहू चांगला आला आहे.

ताई अजून समजते की लॅपटॉप बिघडला होता. मी तिला काही सांगितलेलं नाही. पण ‘वावर’ दिसलं की ती विचारणार, आणि मला विचारलं तर मी तिच्याशी खोटं बोलणार नाही. रविवारपर्यंत वेळ आहे.

तुमचा,
धाकटा