मोज्यातली राणी

आईच्या मनात एक काळजी ठाण मांडून बसली होती आणि काही केल्या हलत नव्हती: आपला बाळ एक दिवस लिफ्टच्या खड्ड्यात पडणार, आणि तोही एका मुंगीपायी. बाळ म्हणजे चौतीस वर्षांचा, सहा फूट उंच, दारातून आत येताना मान वाकवणारा लिफ्ट मेकॅनिक. बाकीचे मेकॅनिक वर दोरखंडाकडे बघतात; हा खाली फरशीच्या फटीत बघतो.

“अरे, एखाद्या दिवशी तोल जाईल.”

“आई, खाली बघून चालणारा माणूस पडत नाही गं. वर बघणारे पडतात.”



मुंग्यांचं हे वेड आजचं नव्हतं. पाच वर्षांचा असताना त्याने एका पाहुण्यांच्या बुटात मुंग्यांना घर करून दिलं होतं. ते पाहुणे पुन्हा आले नाहीत. सगळे म्हणाले, मोठा झाला की जाईल. मोठा झाला, मिशा आल्या, नोकरी लागली, आणि नोकरीने तर वेडाला पंखच फुटले. कारण पाऊस पडून गेलेल्या कोंदट, वारा नसलेल्या दिवशी मुंग्यांच्या राण्या उडतात आणि उंच इमारतींच्या गच्च्यांवर उतरतात. गच्चीवर लिफ्टची मशीन रूम असते, आणि किल्ली बाळाच्या खिशात. कमरेच्या पट्ट्यात स्क्रू ड्रायव्हर, पाना, टेस्टर आणि मध्येच चार काचेच्या नळ्या. खाली लोक लिफ्टसाठी ताटकळत उभे, वर हा गुडघ्यांवर. कामावर त्याला ‘राणीचोर’ म्हणत. एकदा सातव्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यातून ओरडून विचारलं, “अहो, सापडला का बिघाड?” हा वरून त्याहून मोठ्याने ओरडला, “सापडली! गरोदर आहे!” बाईंनी पुढचा आठवडाभर जिनाच वापरला.

राणी कशी ओळखायची हे आईला आता झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पंख गळून पडलेले, पाठ जाड, आणि चाल कशी, तर परक्या गावात खोली शोधणाऱ्या बाईसारखी घाईची. नळीत तळाला थोडं पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, मग पुन्हा बोळा. झालं राणीचं घर.

सगळ्या जातींच्या राण्या मिळाल्या, पण तांबड्या डोक्याची काही मिळत नव्हती. अकरा वर्षं. आणि एका संध्याकाळी बाळ तीन-तीन पायऱ्या ओलांडत घरी आला, आईला उचलून गरकन फिरवलं, बाबांच्या टकलाचा मुका घेतला. नळीत बोटाच्या पेराएवढी राणी, डोकं विटेसारखं तांबडं. आठवड्याभरात तिने सात अंडी घातली, आणि बाळ प्रत्येक अंड्याला घरभर नाचला.

आठव्या दिवशी त्याला पाच आठवड्यांसाठी परगावी पाठवलं. नव्या इस्पितळात सहा लिफ्ट बसवायच्या होत्या. जाताना त्याने ती नळी लोकरीच्या मोज्यात घातली आणि मोजा कपाटाच्या खालच्या खणात ठेवला.

“बाकीच्या राण्यांना बाबा साखरपाणी देतील. हिला काही द्यायचं नाही. हलवायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. घाबरली की स्वतःची अंडी खाऊन टाकते.”

“आणि जेवणार काय ती?”

“काही नाही. पंख गेले ना, आता पंखांचे स्नायू आतल्या आत विरघळवते आणि त्यावर जगते. पोरांनाही त्यातूनच भरवते.”

हे ऐकून कुठली आई स्वस्थ बसेल? बाळाची बस सुटली नसेल, तोच हिने खण उघडला.

नुसती एक नजर, असं ठरलं होतं. मग सकाळी एक नजर, दुपारी एक. मग चष्मा लावून. मग टॉर्च घेऊन.

“अगं, बाळंतपण आहे ते, परीक्षा नव्हे,” बाबा म्हणाले. “किती डोकावशील?”

“तुम्ही गप्प बसा. वाळलीये ती. कंबर बघा कशी झालीये.”

“मुंगी आहे ती! कंबर तशीच असते!”

बाळ गेल्याच्या सहाव्या दिवशी आईने काडीच्या टोकावर मधाचा थेंब आत सोडला. राणी नळीभर सैरावैरा धावली. आईला वाटलं, आनंद झाला. आठव्या दिवशी अंडी पाच होती, नवव्या दिवशी दोन, दहाव्या दिवशी एकही नाही. राणी मात्र छान गुबगुबीत दिसत होती.

त्या संध्याकाळी बाळाचा फोन आला. “बघत नाहीस ना?”

“छे रे! मला काय दुसरी कामं नाहीत?”

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. वर्तमानपत्र गदागदा हलत होतं.

शनिवारी दुपारी पाऊस पडून थांबला. वारा पडला, कपडे अंगाला चिकटले, आणि खिडकीच्या काचेवर टपकन काहीतरी आपटलं. पंखवाली मुंगी. मग दुसरी. मग दहा.

“अहो, चला! उठा! उडाल्या!”

खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली घेऊन आई गच्चीवर पोहोचली तेव्हा हवेत नुसती लगीनघाई होती. एकसष्ट वर्षांची आई गुडघ्यांवर, बाबा ओणवे, डोक्यावर कुणाच्यातरी वाळत घातलेल्या चादरी.

“ही घे!”

“तो नर आहे. डोकं बघा, टाचणीएवढं. संध्याकाळपर्यंत मरेल बिचारा.”

“माझ्याकडे बघून काय बोलतेस?”

आईला हसू आवरेना. पोट धरून ती ओल्या फरशीवर तशीच बसली, आणि बसल्या बसल्याच तिला ती दिसली: कठड्याच्या कडेने निघालेली, पंख नाहीत, पाठ जाड, घाईची चाल, आणि डोकं विटेसारखं तांबडं. बाटली आडवी, झाकण, फिरकी. “सापडली!” आई इतक्या जोरात ओरडली, की समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

खाली येऊन दोघं धापा टाकत टेबलाशी बसली.

“मिटलं,” बाबा म्हणाले. “हिला मोज्यात ठेव, तिला दुसरीकडे. बाळ येईपर्यंत अंडी तयार. कोण ओळखतंय?”

आई क्षणभर मोहात पडली. पण उद्या सकाळी आपण पुन्हा ‘नुसती एक नजर’ टाकणार, हे तिला पक्कं माहीत होतं; ही अंडीही तशीच जातील. आणि पहिली राणी पुन्हा अंडी घालेल का, तिला त्यासाठी काय करावं लागेल, हे बाळालाच ठाऊक. त्याला विचारायचं, तर आधी सात अंडी कुठे गेली ते सांगायला हवं.

“अहो, खणाला कुलूप लावा आणि किल्ली मला सापडणार नाही अशी ठेवा. मी बाळाला फोन करते.”

“आत्ता? सगळं सांगणार?”

“आधी वाईट, मग चांगलं. चांगलं आधी सांगितलं तर तो इतका नाचेल, की वाईट सांगायचा मला धीरच व्हायचा नाही.”

आणि तिने फोन उचलला.