सूचकाची सही

बोलायला उठले की हवालदार पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही तळवे टेकवीत आणि म्हणत, "परवानगी असंल तर बोलतो." परवानगी कोणी देत नसे, कोणी नाकारतही नसे. क्षणभर थांबून ते स्वतःच पुढे जात, "माझं शिक्षण तेवढं न्हाई. पण मी तिथं होतो."

डोंबिवली पूर्वेच्या आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी चर्चामंडळाची सभा भरते. तुमच्याही गावात असे मंडळ असेल. निवृत्त अधिकारी, दोनतीन शिक्षक, भिंतीवर तसबिरी, शेवटी चहा. मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो आणि या मंडळाचा चिटणीस आहे. हवालदार त्याच हुद्द्यावर सैन्यातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. मानपाड्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर रखवालीला होते. एजन्सीच्या निळ्या शर्टातच येत आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवीत.

सभेच्या आधी खुर्च्या मांडण्याचे काम त्यांनी कोणी न सांगता आपल्याकडे घेतले होते. एक डोळा मिटून ते रांग पाहत. एखादी खुर्ची बोटभर पुढे असली, तर तिच्यावर बसलेल्या सदस्यालाही उठवीत. आमच्यातले एक निवृत्त बँक व्यवस्थापक एकदा वैतागून म्हणाले, "हवालदार, आम्ही परेडला आलेलो नाही." खुर्ची सरकवता सरकवता ते म्हणाले, "ते दिसतंयच, साहेब."

याच व्यवस्थापकांनी एकदा सैन्याच्या शिधापाण्याचीही कसून तपासणी व्हावी असे सुचवले होते. तेव्हा हवालदार उठले. तळवे टेकवले. "तिथं वर बर्फात अंडं हातोडीनं फोडायला लागतं, साहेब. मी तिथं होतो. तुमचा तपासणी करणारा माणूस वर पोचंपर्यंत त्याचंच अंडं होतंय." सभागृह हसले. ते हसले नाहीत.

सीमेवरच्या त्या बर्फाविषयी ते फारसे बोलत नसत. बोलत ते पत्नीच्या अंगणवाडीविषयी. मानपाड्याच्या एका गल्लीत, भाड्याच्या खोलीत, त्या अंगणवाडी चालवीत. तिथला वजनकाटा यांनी दुरुस्त केला होता. त्यामुळे कोणत्या मुलाचे वजन किती वाढले, हे त्यांना तोंडपाठ असे. चहाच्या वेळी इतर सदस्य परदेशातल्या मुलांच्या बढत्या सांगत, तेव्हा हे मध्येच, त्याच अभिमानाने, सांगून टाकीत की कोपऱ्यावरच्या गवंड्याची मुलगी या महिन्यात अर्ध्या किलोने भरली.

आता जे सांगायचे आहे, ते मी पुष्कळ दिवस टाळले.

त्या वर्षी अर्थसंकल्पानंतरच्या सभेचा विषय होता: सरकारी खर्चाला कात्री लावायची तर ती संरक्षणाला की कल्याणकारी योजनांना? एक लोकप्रतिनिधी अध्यक्ष म्हणून येणार होते. कात्री कल्याणकारी खर्चालाच लावावी असे त्यांचे मत आहे, हे सर्वांना ठाऊक होते. वाचनालयाचे छप्पर गळत होते आणि त्यांच्या निधीतून ते बदलून मिळेल अशी आम्हाला आशा होती. सरकारने खर्च कमी करावा असे ठरवण्यासाठी भरलेल्या सभेतून आम्हाला सरकारी खर्चाचे छप्पर हवे होते. यातली विसंगती मला तेव्हा दिसली नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

मी कारखान्याच्या फाटकावर गेलो आणि हवालदारांना व्यासपीठावरून बोलण्याची विनंती केली. त्यांनी आधी मला स्टूल दिले. मग म्हणाले, की अंगणवाडीला नोटीस आली आहे. भाड्याला निधी नाही, म्हणून ती रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत विलीन करणार आहेत. मधल्या रस्त्यावरून दिवसभर टँकर धावतात, आया तीन वर्षांच्या मुलांना तिकडे पाठवणार नाहीत. आमच्या मंडळात या वार्षिक सभेचा ठराव होतो आणि सूचक व अनुमोदक यांच्या सह्यांनी वरती सरकारकडे जातो.

"त्यात आमच्या अंगणवाडीची एक ओळ बसंल का, सर?"

मी म्हणालो, "बघू या."

सभेत ते उभे राहिले. बर्फाबद्दल चार वाक्ये बोलले. तिथला एक घासही कमी करू नका, म्हणाले. टाळ्या पडल्या. मग ते अंगणवाडीकडे वळले. "तिथला घास आणि हितल्या पोराचा घास, ह्यात निवड करा असं आम्हाला कुणी..." अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले. प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटे होती. त्यांची तीनच झाली होती. मी घंटा वाजवली.

दुसरा कोणी असता तर वाक्य तरी पुरे केले असते. ते शब्द अर्धा सोडून थांबले, "जी" म्हणाले आणि बसले. हुकूम पाळण्याची त्यांची सवय मला माहीत होती, म्हणूनच मी घंटेवर विसंबलो.

ठराव मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. संरक्षणाच्या खर्चास हात लावू नये. कल्याणकारी योजनांवरील अनुत्पादक खर्चाचा फेरविचार करून लहान केंद्रांचे विलीनीकरण करावे. सूचक माजी सैनिक असला की कागदाला वजन येते. चहाच्या गडबडीत मी तो त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा चाचपला. तो खिशात नव्हता.

"आपली ओळ हाय ना, सर?"

"सगळं आहे," मी म्हणालो.

त्यांनी सही केली. खाली हुद्दा लिहिला.

महिनाभराने त्यांच्या पत्नी आठदहा आयांना घेऊन अंगणवाड्यांच्या सरकारी कार्यालयात गेल्या. तिथल्या अधिकाऱ्याने फाइलमधून आमचा ठराव काढून त्यांच्यापुढे सरकवला आणि तो म्हणाला, "ताई, मागणी तर तुमच्या मिस्टरांनीच केलीय." त्या आयांदेखत त्यांना नवऱ्याची सही ओळखावी लागली.

त्यानंतरच्या सभेला हवालदार आले. खुर्च्या लावल्या नाहीत. माझ्या टेबलाशी उभे राहिले, पण तळवे कशावर टेकवले नाहीत.

"ओळ बसली न्हाई, ते समजलं. माझी सही कशाला घेतली, सर?"

मी हळू आवाजात बोलतो. लोक त्याला सौजन्य समजतात. त्याच आवाजात मी म्हणालो, की गैरसमज झाला असावा, मसुदा चहाच्या वेळी सर्वांसाठी खुला होता.

"मी तिथं होतो, सर," ते म्हणाले आणि निघून गेले.

अंगणवाडी रस्त्यापलीकडे गेली. पुढे एका सकाळी महाविद्यालयाकडे जाताना माझी रिक्षा त्या रस्त्यावर थांबली. मधोमध ते उभे होते. रात्रपाळी उतरून आलेले, निळा शर्ट, एक हात टँकरकडे रोखलेला. त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी मुलांना नेत होत्या. सगळी एकमेकांचा सदरा धरून, सरळ रांगेत. मी मोजली. सात होती. जुन्या खोलीत वीसबावीस असत. शेवटचे मूल पलीकडे पोचल्यावर त्यांनी आमच्या रिक्षात पाहिले. मला ओळखले. इतर कोणालाही करावी तशी हाताने खूण केली, की जा.

वर्षभराने पटसंख्या कमी म्हणून तीही अंगणवाडी बंद झाली आणि ती दोघे गावी गेली. वाचनालयाचे छप्पर मात्र झाले. चांगले झाले आहे, गळत नाही.

त्या रस्त्याने मी अजून रोज जातो. ते उभे राहत, तिथे आता कोणी नसते. मागच्या आठवड्यात तिथेच एक बाई कडेवर एक आणि हाताशी एक मूल घेऊन, रस्ता मोकळा होण्याची वाट पाहत होती. रिक्षावाल्याने वेग कमी केला नाही. मीही त्याला थांब म्हणालो नाही.