कडब्याच्या गंजीआडून पाहिलेली शर्यत

सांगलीहून निघताना वन्संनी मला एकच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून त्या गाडीतून उतरायच्या बेतात होत्या. आपण एवढ्या लांब जाऊन जी शर्यत बघणार, ती आपल्याला दिसणार किती वेळ, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी खरं ते सांगितलं. एक सायकलवाला येणार, पापणी लवेपर्यंत समोरून निघून जाणार, मग थोडा वेळ रस्ता रिकामा, मग दुसरा.

"आणि यासाठी मी पहाटे उठून भडंग केलं?" वन्सं म्हणाल्या.

वन्सं म्हणजे माझ्या नणंदबाई, शालन. त्यांचं सासर सांगलीत. मी नाशिकची, बँकेतून निवृत्त झालेली. स्वतः सायकलवर बसून मला जमाना झाला, पण परदेशातल्या सायकल शर्यती टीव्हीवर बघायचं वेड मात्र जबरदस्त. घरचे त्याला 'आईचं पारायण' म्हणतात. तेव्हा परदेशी संघ आपल्या सातारा जिल्ह्यात येऊन शर्यत खेळणार असं कळल्यावर मी घरात बसणं शक्यच नव्हतं. त्यातही ही एकेकट्याने घड्याळाशी खेळायची शर्यत, माझी सगळ्यात आवडती. गाडी वन्संची आणि चालवणाऱ्याही त्याच, त्यामुळे तासगाव येईपर्यंत मी त्यांची मनधरणी करत होते.

तासगावच्या बाहेर द्राक्षबागांत घड कागदात गुंडाळलेले दिसत होते. विट्याच्या पुढे रान उघडं पडत गेलं. माळ, बोरी-बाभळी, मध्येच मेंढरांचा तळ. पुसेसावळीला चहा आणि गरम कांदाभजी झाली आणि वन्संचा राग निम्म्यावर आला. तिथून पुढे कालव्याचं पाणी लागलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. तोडीचे दिवस होते. उसाने ओसंडलेल्या ट्रॉल्या रस्त्याकडेला लावून ठेवल्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर सावलीत आडवे झाले होते. शर्यतीसाठी वाहतूक थांबवल्याची तक्रार त्यातल्या एकानेही केली नाही.

रहिमतपूरहून शर्यत सुटून साताऱ्याकडे जाणार होती. मी नकाशा बघून त्याच वाटेवर आधीच जागा हेरून ठेवली होती. एका गावाच्या तोंडाशी रस्ता चढाला लागतो. चढावर खेळाडूचा वेग कमी होतो आणि तो आपल्याला जरा जास्त दिसतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. गावाने शर्यतीचा अगदी सण केला होता. घरांपुढे रांगोळ्या होत्या, शाळेची मुलं झेंडे घेऊन ओळीने उभी होती. नारिंगी जाकीट घातलेला, पांढऱ्या मिशांचा एक ताठ गृहस्थ शिट्टी वाजवून सगळ्यांना पांढऱ्या रेषेच्या मागे ढकलत होता. त्यांना सारे हवालदार म्हणत होते. लष्करातून निवृत्त झाले तरी हुकूम द्यायची सवय सुटली नव्हती. आमची गाडी त्यांनी तीनदा मागेपुढे करायला लावली.

मी नाशिकहून एक फलक रंगवून आणला होता. माझ्या लाडक्या परदेशी खेळाडूचं नाव त्यावर मोठ्या अक्षरात होतं. तो भिंतीला टेकवून घडीची खुर्ची उघडायला गेले, तेवढ्यात एका शेळीने अर्धं नाव खाल्लं. वन्सं एवढ्या हसल्या की भडंगाचा डबा हातातून पडता पडता वाचला. शेळीला हाकलून मी हात धुवायला पाणी मागावं म्हणून शेजारच्या घराच्या मागे गेले.

तिथे कडब्याची मोठी गंजी होती आणि गंजीच्या आड एक बाई उभी होती. नवंकोरं हिरवं पातळ, कपाळभर कुंकू, एका हातात ताटलीत भाकरी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवायचा प्रयत्न केला, पण हात मोकळा नव्हता.

"ताई, मी हितं हाय म्हणून कुणाला सांगू नगासा," ती हळूच म्हणाली.

ही हवालदारांची बायको, मंगलताई. त्यांचा मुलगा सूरज या शर्यतीत होता. परदेशी संघांच्या बरोबरीने आपल्या देशाचा संघ उतरला होता, त्यात तो. दोन वर्षं तो घरी आलेला नव्हता. कधी सराव, कधी स्पर्धा. आजही शर्यत संपली की संघाची बस परस्पर विमानतळावर जाणार होती. म्हणजे घराच्या दारावरून जाऊनही पोरगा घरी येणार नव्हता.

मग मंगलताई लपल्या होत्या कशाला? ते ऐकून मला हसू आवरेना. सूरज कॉलेजात असताना तालुक्याची शर्यत याच रस्त्यावरून गेली होती. पोरगा सगळ्यांच्या पुढे होता. मंगलताई दारात भाकरतुकडा (लांबून घरी आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायचा भाकरीचा तुकडा आणि पाणी) घेऊन उभ्या होत्या. आईला बघून पोराने ब्रेक दाबला, सायकल स्टँडला लावली, वाकून नमस्कार केला, ओवाळून घेतलं आणि वर आत जाऊन माठातलं पाणी प्यायला. तोवर मागची सगळी पोरं पुढे निघून गेली. हवालदार तेव्हा रजेवर आले होते. रजा संपेपर्यंत ते बायकोशी बोलले नाहीत. गावात अजून कुणी कामात रेंगाळलं की म्हणतात, मंगलताईच्या दारात थांबला का काय.

आजचा दिवस त्याहून मोठा होता. सूरजची वेळ चांगली लागली तर बाहेरच्या देशातला एक संघ त्याला घेणार होता. तसं त्यानेच फोनवर सांगितलं होतं, आणि जोडीला हेही सांगितलं होतं, की आई, तू रस्त्यावर उभी राहू नको, माझ्याच्यानं राहवणार नाही. मग हवालदारांनी बायकोला जागा नेमून दिली. गंजीमागे. शर्यत संपेपर्यंत पोझिशन सोडायची नाही.

"आवं, पन हितनं मला निस्ती टोपी दिसंल," मंगलताई म्हणाल्या. "दोन वर्सांनी ल्योक दारावरनं जाणार, आन मी टोपी बगू?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण शर्यतींचा विषय निघाला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी त्यांना समजावून सांगितलं, की या प्रकारात खेळाडूची मान खाली असते, डोळ्यांवर काच असते, ध्यान सगळं चाकापुढच्या चार हात रस्त्यावर असतं. बाजूला हत्ती उभा असला तरी त्याला दिसत नाही. मी आजवर एवढ्या शर्यती पाहिल्यात, तुम्ही खुशाल पुढे या, तो तुम्हाला बघणार नाही.

"खात्रीनं?"

"खात्रीनं," मी म्हटलं. वन्सं माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं.

ठरलं ते असं. आम्ही दोघींनी रेषेला चिकटून उभं राहायचं, मंगलताईंनी आमच्या मागे डोक्यावर पदर घेऊन, आमच्या खांद्यांमधल्या फटीतून बघायचं. हवालदार रस्त्याच्या पलीकडे शिट्टी घेऊन उभे होते, पण त्यांचं लक्ष शाळेच्या मुलांवर होतं.

शर्यत सुरू झाली. पहिला खेळाडू चढ चढून आला तेव्हा क्षणभर सगळं गाव गप्प झालं. मागे निमुळती होत गेलेली टोपी, काचेखाली झाकलेला अर्धा चेहरा, आडवं झालेलं अंग. चाकाचा घरघर आवाज घुमत गेला आणि संपलाही. मागून त्याच्या संघाची गाडी गेली, टपावर दोन सायकली बांधलेली. मग लोकांना वाचा फुटली. शेजारच्या म्हाताऱ्या आबांना वाटलं, गाडीवाला पोराच्या अंगावर गाडी घालतोय. त्यांनी काठी उगारून त्याला थांबायची खूण केली. पुढच्या वेळी त्यांची शंका वेगळी होती, की टपावर एवढ्या सायकली आहेत तर पोराला आत बसवून का नेत नाहीत. बायकांना त्या पोरांची दया येत होती. एकटाच आला, एकटाच गेला, बरोबर कुणी नाही, असं म्हणून त्या प्रत्येकाला ओरडून धीर देत होत्या. तिसऱ्या-चौथ्यापासून मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला. माझा लाडका खेळाडू आला तेव्हा मी उरलेलं अर्धं नाव वर धरून बेंबीच्या देठापासून ओरडले. घशाला कोरड पडली, पण असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

क्रम माझ्या मोबाईलवर होता. सूरजची पाळी आली तशी मी मागे वळून मंगलताईंना खूण केली. चढाच्या तळाला निळा ठिपका दिसला आणि मुलांनी त्याचं नाव घेऊन एकच गिल्ला केला. आपला पोरगा, आपल्या गावचा. आबांनी काठी टाकून दोन्ही हात वर केले.

तो जवळ आला, आणि माझ्या खांद्याला जोराचा धक्का बसला. मंगलताई आम्हा दोघींना बाजूला सारून पार रेषेवर येऊन उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर आलेला, तोंड उघडं, हातात भाकरीचा तुकडा. तो तुकडा त्या हवेतच, येणाऱ्या पोराच्या दिशेने गोल गोल फिरवत होत्या. पलीकडून हवालदारांनी ते पाहिलं. शिट्टी त्यांच्या तोंडात होती, पण वाजली नाही. थांबला तर? माझ्या एका शब्दावर ही बाई पुढे आली होती, आणि दोन वर्षांची त्याची मेहनत या चढावर वाया गेली असती.

तो थांबला नाही. मान वर नाही, हात हलला नाही, पाय मंदावले नाहीत. आमच्यासमोरून तो तसाच सरळ गेला, उलट मला तर वाटलं, चढाचा शेवटचा तुकडा त्याने सगळ्यांपेक्षा जोरात मारला. मागून गाडी गेली. वळणाआड निळा रंग दिसेनासा झाला.

मंगलताईंनी तुकडा मोडून उजव्या-डाव्या बाजूला टाकला, पाणी कडेच्या मातीत ओतलं आणि तिथेच खाली बसल्या.

"बगितलं न्हाई त्यानं," त्या म्हणाल्या. मग हसल्या, आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, बघा, सांगितलं नव्हतं का मी. त्यांनी मान डोलावली, पण त्यांना नेमकं काय हवं होतं ते त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

शेवटचा खेळाडू जाईपर्यंत रस्ता बंदच होता आणि मंगलताई आम्हाला जेवल्याशिवाय सोडायला तयार नव्हत्या. हवालदार रस्ता ओलांडून आले. आता खडाजंगी होणार म्हणून आम्ही जीव मुठीत धरून बसलो, पण त्यांनी जाकीट खुंटीला अडकवलं आणि बायकोकडे न बघता पाणी मागितलं. पावट्याची आमटी, वांग्याचं भरीत, खर्डा आणि चुलीवरची ज्वारीची भाकरी. वन्संनी तीन भाकरी खाल्ल्या आणि सकाळच्या शर्यतीबद्दल मला माफ केलं.

जेवण चालू असतानाच फोन वाजला. सूरजचा होता. हवालदारांनी फोन मोठ्या आवाजावर लावला. आपल्या देशाच्या मुलांत तो पहिला आला होता आणि परदेशी संघाचा माणूस येऊन त्याच्याशी हात मिळवून गेला होता. हवालदारांनी तेच तीनदा विचारून घेतलं. मग सूरज म्हणाला, आईला द्या. मंगलताईंचे हात पिठाचे होते, म्हणून फोन परातीशेजारी ठेवला.

"आई, हिरवं पातळ नवं हाय व्हय?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे.

मंगलताईंनी थापलेली भाकरी तशीच हातावर धरून विचारलं, "थांबू वाटलं न्हाई का रं?"

"लय वाटलं," तो म्हणाला. "म्हणून तर आनखी जोरात हाणली."

मंगलताईंनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरं केलंस." हवालदार उठून बाहेर गेले आणि बराच वेळ रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे राहिले.

परतीच्या वाटेवर ट्रॉल्या पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि विट्यापर्यंत आम्ही त्यांच्या मागूनच आलो. वन्सं मला 'खात्रीनं' म्हणून चिडवत होत्या आणि ते चिडवणं मला हवंहवंसं वाटत होतं. नाशिकला आल्यावर माझं पारायण पुन्हा सुरू झालं आहे. मान खाली घातलेला एकटा खेळाडू पडद्यावरून जातो, कडेला माणसांची रांग असते, आणि घरातलं कुणीतरी विचारतं, याला ती माणसं दिसतात का गं. पूर्वी मी ठासून नाही म्हणायचे. आता म्हणते, दिसतात. सगळी दिसतात, म्हणून तर तो एवढ्या जोरात जातो.