बिबट्यापुढं स्वस्तातली लेन्स

रातभर डोळा लागला न्हाई. मायेरी आलेय, अन् गोठ्यामागं बिबट्या गुरगुरत व्हता. लेकराला कुशीत घट्ट धरून बसलते.

सकाळी माझा भाऊ मात्र खूश, बिबट्याचा फोटू काढाया मिळनार म्हनून! त्यो लग्नाचे फोटू काढतो. तुमीच ना त्याला फोटूवाल्यांच्या ह्या ग्रुपवर शिकवलं, "दुसऱ्या कंपनीची झूम लेन्स घे, स्वस्त पडती, थोडं जवळ जायचं, बस"? लई शाने!

लांबून फोटू घेनारी महाग, म्हनून ही आनली. हिच्यात बांधावरचा मोर शेंगदाण्याएवढा दिसतो. ऊन उतरलं की फोकसच बसत न्हाई, नुसती घर्रघर्र करती.

म्या म्हनलं, "नको जाऊ रं, पाया पडते." तर म्हनतो, "ताई, नवरीच्या नाकापुढं जाऊन फोटू काढतो मी. ह्याला काय भेतो?"

आरं, नवरी उठून नरडं धरती का?

आता दिवस बुडाया आलाय अन् त्यो गोठ्यामागच्या उसात शिरलाय. माझा फोन कट करतोय. तुमच्या घरचं कुनी हाय का त्या उसात? न्हाई ना? मग तुमीच फोन लावा त्याला. लग्नाची आर्डर हाय, आत्ता ये म्हना. आर्डरचा फोन त्यो कट करत न्हाई.