दारं बसेपर्यंतचं माहेर

शहर कसं वाढलं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पंचवार्षिक योजना, कोराडीची वीज, हिंगण्याचे कारखाने, सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण त्या वाढत्या भिंतींच्या आत तेव्हा राहत कोण होतं, असं विचारलं की मंडळी पंख्याकडे बघायला लागतात. म्हणून अंजनाबाईचं सांगतो.

अंजनाबाई बांधकामावरची चौकीदार. नवरा रुपराव छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा ठेकेदारानं त्याचं काम तिलाच दिलं. पासष्ट-सहासष्ट सालची गोष्ट. विटा, वाळू, सळया राखायच्या आणि सकाळ-संध्याकाळ नव्या भिंतींवर पाणी मारायचं. आधी टिनाची झोपडी, मग छत घालून झालं की आतल्या एखाद्या खोलीत बिऱ्हाड. मालकाच्या आधी घरात ती राही. जिथं पुढे मालकाचा सोफा यायचा तिथं तीन विटांची चूल मांडून ती भाकरी थापी. दारं बसली, रंगाचा वास सुटला, की गाठोडं बांधायचं. वास्तूच्या दिवशी एक लुगडं हातात पडे आणि दुसऱ्या दिवशी ती नव्या खड्ड्याच्या काठावर उभी असे. लक्ष्मीनगरात ती अशी राहिली, हिंगणा रस्त्यावर एका कारखान्याच्या शेडमध्ये राहिली. याचं तिला काही वाटत नसे. पोटाला मिळत होतं आणि पोरगी जवळ होती.

वाटायला लागलं ते पोरीचं लग्न झाल्यावर. सुमती एकुलती एक. जावई गिरिधर स्वभावानं चांगला, पण तोही बांधकामावरचाच. जिथं विजेचं केंद्र उभं राहील तिथं त्याची टोळी जाई. कोराडीचं काम होतं तोवर पोर हाकेच्या अंतरावर होती. मग टोळी उठली आणि दूर परराज्यात, कोरब्याला गेली. सुमती वर्षातून एकदा यायला लागली, दसऱ्याला. त्या दिवशी दीक्षाभूमीवर माथा टेकायचा आणि मग माहेरी दोन दिवस राहायचं.

आता माहेर म्हणजे काय, तर आई त्या साली जिथं पाणी मारत असेल ते. सुमती आधी मागच्या वर्षीच्या घरी जाई. तिथं आता पडदे लागलेले, कुत्रा बांधलेला. फाटकातून विचारलं की घरची बाई सांगे, ‘तुझी आई अमक्या ठिकाणी गेली.’ मग पोराला कडेवर घेऊन ही पुढे. पत्र टाकायचं तर पत्ता लागतो, आणि एका जागी टिकणारा पत्ता दोघींपैकी कोणालाच नव्हता. देश पुढे जात होता आणि मायलेकींना दोन दिशांना घेऊन जात होता.

एकोणऐंशी साली प्रतापनगरात मनोहरराव नावाच्या सरकारी कारकुनाच्या घराचं काम निघालं. पाया झाला, भिंती झाल्या, एका बाजूचं छत घालून झालं आणि काम थांबलं. सिमेंट मिळेना. परमिटशिवाय पोतं नाही आणि परमिट कुठल्या टेबलावर अडलंय ते कळायला मार्ग नाही. मनोहरराव दर रविवारी सायकलवर येत, गंजत चाललेल्या सळयांकडे बघत आणि कपाळाला हात लावून परत जात. अंजनाबाईही त्यांच्यासमोर तोंड पाडून उभी राही. मनातून मात्र बाई खूश होती! असं सुख तिला जन्मात मिळालं नव्हतं. तिनं अंगणात वालाचा वेल लावला, खोलीची जमीन शेणानं सारवली, दाराच्या जागी पोत्याचा पडदा टांगला. सुमती लागोपाठ तीन दसरे त्याच घरी आली.

‘माय, यंदा तुले धुंडा नाही लागलं वं,’ दुसऱ्या वर्षी ती पडदा सारून आत येत म्हणाली आणि पाय पसरून भिंतीला टेकून बसली. अशी ती आजवर कुठल्याच घरी बसली नव्हती. तिच्यासाठी वांग्याची भाजी फोडणीला टाकताना अंजनाबाईला रडू फुटायच्या बेतात आलं होतं. देशात सिमेंट नाही म्हणून लोक सरकारला शिव्या घालत होते, आणि ही एकटी बाई ते कधी येऊच नये असं मनात घोकत होती.

पण ते आलं. ब्याऐंशीत सरकारनं बंधन ढिलं केलं, सिमेंट उघड्या बाजारात मिळू लागलं, आणि तीन वर्षं रखडलेलं घर उन्हाळा-पावसाळ्यात उभं राहिलं. अंजनाबाईनं पाणी मारलं, अगदी मन लावून मारलं, कारण दुसरं तिला येत नव्हतं. वेल मात्र मिस्त्रीनं उपटून टाकला. वास्तूच्या दिवशी तिनं मनोहररावांच्या बायकोला, प्रमोदिनीबाईंना गाठलं.

‘बाई, दसऱ्याले माही पोरगी येईन. तिले सांगजा, मी त्रिमूर्तीनगरले, तीन मजली फ्लॅट होऊन राहिले ना, तिथं आहो म्हणून.’

‘सांगेन हो अंजनाबाई, न विसरता सांगेन,’ प्रमोदिनीबाई म्हणाल्या. आणि त्यांनी ते मनापासूनच म्हटलं.

समोर रस्त्याच्या कडेला धोंडबाचा चहाचा ठेला होता. तीन वर्षं त्याच्याकडचा चहा पिऊनही अंजनाबाईनं त्याला काही सांगितलं नाही. चार चाकांचा ठेला तो, आज आहे, उद्या महापालिकेची गाडी उचलून नेईल. जन्म पक्क्या भिंतींना पाणी घालण्यात गेलेली बाई ती, तिचा विश्वास पक्क्या घरावर. ज्या भिंती आपण भिजवल्या त्या कुठे जाणार, हा तिचा हिशेब.

भिंती कुठे गेल्या नाहीत. माणसं गेली. वास्तूनंतर महिन्याभरातच मनोहररावांची बदली झाली. घर भाड्यानं देऊन कुटुंब औरंगाबादला गेलं, आणि त्या धांदलीत चौकीदारणीचा निरोप कोण लक्षात ठेवतो?

दसऱ्याला अंजनाबाई पहाटेच दीक्षाभूमीवर जाऊन आली. लाखोंच्या त्या गर्दीत कोणी कोणाला सापडत नाही हे तिला ठाऊक होतं, म्हणून डोकं टेकून ती लगेच परतली. वांग्याची भाजी केली. नातवंडांसाठी रेवड्या आणून ठेवल्या. दिवस मावळला तरी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उठून जाऊन बघावं तर लोखंड उघड्यावर पडलेलं, एक सळई गेली तरी चोरीचं नाव चौकीदाराचं. शेवटी आठवडा उलटल्यावर तिनं मिस्त्रीच्या हातापाया पडून अर्धा दिवस सुटी घेतली आणि प्रतापनगर गाठलं.

फाटकात अनोळखी बाई आली. आली होती खरी एक बाई दोन मुलं घेऊन, तिनं सांगितलं, पण अंजनाबाई नावाचं इथं कोणी राहत नाही, तेच आम्ही तिला म्हटलं. खोटं काय होतं त्यात? बिचाऱ्या भाडेकरूंना काय माहीत!

अंजनाबाई रस्ता ओलांडून ठेल्याजवळ आली. धोंडबानं तिला बघितलं आणि हातातली गाळणी खाली ठेवली.

‘मावशी, काहून नाही सांगितलं वं मले? पोरगी दिवसभर या बाकड्यावर बसून होती. येणाऱ्या-जाणाऱ्याले विचारून राहिली होती. मले ठाऊक असतं तं मी सोता नेऊन दिली असती.’

अंजनाबाई बाकड्यावर बसली. ‘रडली का गा?’

‘पोरांसमोर नाही रडली.’

‘कोरब्यालेच गेली ना परत?’

‘नाही ना. तिथलं काम सरलं म्हणे. टोळी दुसरीकडं चालली. गावाचं नाव सांगितलं होतं तिनं. म्हणे, माय आली तं सांगजा.’ धोंडबानं डोकं खाजवलं. ‘आता माह्या ध्यानातच येऊन नाही राहिलं. चंद्रपूर म्हटलं का तिनं? नाही... सिंगरौली? रामागुंडम?’

प्रत्येक नावाला अंजनाबाई मान वर करी. प्रत्येक नाव तिला खरं वाटे. धोंडबानं ऐकलेली होती नव्हती तेवढी गावं सांगितली आणि हात टेकले.

‘काम तं सगळीकडंच चालू आहे, मावशी,’ तो ओशाळून म्हणाला.

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. भर रस्त्यावर, येणारे-जाणारे बघत असताना, ती पदर तोंडात कोंबून रडली. धोंडबानं चहा पुढे केला, तो तसाच गार झाला. मग तिनं डोळे पुसले आणि त्याला त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटचा ठिकाणा सांगितला. वळण कुठलं, पाण्याची टाकी कुठली, सगळं.

‘म्हणून दाखव,’ ती म्हणाली. त्यानं म्हणून दाखवलं.

‘अजून एकदा म्हण गा.’

त्यानं अजून एकदा म्हटलं, एक वळणही न चुकता. ती उठली आणि चालू लागली, संध्याकाळचं पाणी मारायचं राहिलं होतं. आता सिमेंटला तोटा नव्हता. ते फ्लॅट संक्रांतीच्या आत, पुढच्या दसऱ्याच्या कितीतरी आधी पुरे होणार होते, पण हे काही तिनं धोंडबाला सांगितलं नाही.